आंधळें दळतें, पीठ कोणाचें?

"आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें" ही म्हण महाराष्ट्रांत लहान मुलासही पाठ असते. गैरव्यवस्थेचें उदाहरण द्यावयाचें झालें म्हणजे ती आमच्या तोंडीं सहज येते आणि आम्ही हंसून पुढें जातों. परंतु या म्हणीचा अक्षरशः अर्थ घेऊन क्षणभर विचार केला, तर तींत दोन गोष्टी कबूल केलेल्या आढळतील. पहिली ही कीं, आंधळें माणूस दळूं शकतें. जात्याचा खुंटा त्याच्या हातीं नीट बसतो, आणि वैरण कोठें घालावी हें त्याला कोणी दाखवावें लागत नाहीं. दुसरी ही कीं, दळून झालेलें पीठ त्याच्या पदरीं पडत नाहीं. यांत दोष दळणाराचा नव्हे. पीठ राखण्याची तजवीज ज्यांनीं केली नाहीं त्यांचा आहे. अंध मुलांना धंदा शिकविण्याचे जे प्रयत्न गेल्या सव्वादोनशें वर्षांत झाले, त्यांचा इतिहास पाहिला असतां त्यांतलें यश आणि अपयश या दोन्हींचें मर्म या एका म्हणींत सांपडतें, असें आमचें मत झालें आहे. तें वाचकांपुढें ठेवण्याचें आज योजिलें आहे.

पन्हाळगडावर तीन दरवाज्याजवळ अंधारबाव नांवाची तीन मजली वास्तु आहे. 2025 च्या जुलै महिन्यांत पन्हाळ्यासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसायादींत समावेश झाला. गड पाहावयास येणारा मनुष्य ही विहीर पाहिल्याशिवाय सहसा परतत नाहीं. बाहेरच्या लख्ख उन्हांतून आंत पाऊल टाकलें कीं डोळस माणसाची काय स्थिति होते तें पाहण्यासारखें आहे. तो थबकतो, भिंतीला हात लावतो, पायानें पायरी चांचपतो, पुढच्याचा आवाज ऐकून अंतर ताडतो. त्या चार पायऱ्यांपुरता तो अंध होतो. आणि तरीही खालीं उतरतो. हात, पाय आणि कान यांनीं वाट काढण्याची ही विद्या प्रत्येकाच्या अंगीं थोडीबहुत असते. अंध मुलाला ती पूर्णपणें आणि शास्त्रशुद्ध रीतीनें शिकवावी लागते, एवढाच फरक.

पण याच पन्हाळा तालुक्यांतील एखाद्या डोंगरी वाडींत दृष्टिहीन मूल जन्मास आलें, तर त्याच्या वांट्याला काय येतें? घरचीं माणसें वाईट नसतात. तीं त्याला जेवूं घालतात, जपतात, आणि जपतां जपतां त्याचे हात बांधून टाकतात. "तूं बस, तुला लागेल", हें वाक्य त्या मुलाच्या कानीं दिवसांतून दहादां पडतें. मुलगी असली तर हें जपणें आणखी घट्ट होतें. तिला उंबऱ्याबाहेर पाठविण्याचेंच घरच्यांस भय वाटतें. शाळेंत जावयाचें तर निवासी अंधशाळा बहुधा शहरांत. आणि सहा वर्षांचें लेंकरूं परगांवीं ठेवावयास आईचें मन घेत नाहीं. अशा रीतीनें वर्षें जातात, आणि जें मूल कसबी माणूस व्हावयाचें तें घरच्या कोपऱ्यांतलें ओझें ठरतें. आमच्या यात्रांच्या वाटेवर हात पसरून बसलेला अंध मनुष्य आम्हांस इतका ओळखीचा झाला आहे कीं, तो तेथें कां बसला आहे, असा प्रश्नच आम्हांस पडत नाहीं. नाथांच्या भारुडांतही आंधळा येतो तो याचकाच्या रूपानेंच येतो.

याच मुलखांतलें एक उदाहरण मात्र अगदीं उलट आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म 1872 सालीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं शोभेच्या दारूचा भडका उडून त्यांचा चेहरा भाजला आणि डोळे कायमचे अधू झाले. पुस्तकें वाचून विद्या करण्याचा मार्ग बंद झाला. तेव्हां त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्यास ठेवण्यांत आलें. मिरजेच्या अधिपतींचा त्यांस आश्रय मिळाला आणि कित्येक वर्षें त्यांनीं गुरुगृहीं अभ्यास केला. पुढें 1901 सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें आणि तें लोकांच्या पाठबळावर चालविलें. गवयाचा धंदा त्यांनीं प्रतिष्ठेस नेला, स्वरलेखनाची पद्धति बसविली आणि शिक्षकांची पिढी तयार केली.

ही कथा आम्ही नेहमीं दैवी प्रतिभेची कथा म्हणून सांगतों. ती धंदेशिक्षणाचीही कथा आहे. डोळे अधू झालेल्या त्या मुलास "वेळ घालवावयास कांहींतरी" म्हणून गाणें दिलें गेलें नाहीं. त्यास त्या काळचा उत्तम गुरु मिळाला, पुरेशीं वर्षें मिळालीं, पोटाची काळजी वाहणारा आश्रयदाता मिळाला आणि शेवटीं गाणें ऐकावयास येणारें गिऱ्हाईक मिळालें. यांतली एक जरी गोष्ट उणी पडली असती, तरी त्या मुलाच्या गळ्याचें चीज झालें असतें कीं काय, याची शंकाच आहे. ज्या हजारों मुलांस हें सारें मिळालें नाहीं त्यांची नांवें आम्हांस ठाऊक नाहींत, यांत आश्चर्य तें काय?

आतां युरोपकडे वळूं. कारण अंधांच्या शाळेची आधुनिक कल्पना तेथून आली. 1771 सालीं पॅरिसच्या एका जत्रेंत कांहीं अंध माणसांस विदूषकाचे पोषाख घालून, डोळ्यांवर पोकळ चष्मे लावून, वाजंत्री वाजविण्यास बसविलें होतें. लोक त्यांच्याकडे पाहून खिदळत होते. तें दृश्य व्हालांतँ आऊई या गृहस्थास सहन झालें नाहीं. पुढें 1785 च्या सुमारास त्यानें अंध मुलांची शाळा चालू केली. उठावाच्या अक्षरांनीं वाचन शिकवावें आणि त्याचबरोबर सूत काढणें, विणणें, छपाई व पुस्तकबांधणी अशीं हातांचीं कामें शिकवावीं, असा त्याचा क्रम होता. 1791 सालीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथें अंधांची शाळा निघाली. तिच्या संस्थापकांत एडवर्ड रश्टन हा कवि प्रमुख होता. गुलामांच्या जहाजावर खलाशी असतां नेत्ररोगानें पिडलेल्या गुलामांची शुश्रूषा केली, आणि त्या रोगानेंच त्याची दृष्टि गेली. पुढें गुलामगिरीविरुद्ध त्यानें आपली लेखणी झिजविली. पराधीनता म्हणजे काय हें ज्यानें दोन्ही बाजूंनीं पाहिलें, त्याच्या पुढाकारानें ही शाळा निघावी हें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

लुई ब्रेल हा 1819 सालीं दहा वर्षांचा असतां पॅरिसच्या शाळेंत आला. त्याचा बाप घोड्यांचें सामान शिवणारा कारागीर. बापाच्या दुकानांतील हत्यार लागूनच मुलाचे डोळे गेले. 1824 सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्यानें सहा ठिपक्यांची लिपि बसविली आणि 1829 सालीं ती प्रसिद्ध केली. अंध मूल जी लिपि केवळ वाचतेंच असें नव्हे तर पाटी व टोचणी घेऊन स्वतः लिहितें, अशी ती पहिली सोयीची लिपि होय. धंद्याच्या दृष्टीनें हिचें महत्त्व फार मोठें आहे. ज्याला लिहितां येतें त्याला हिशेब ठेवतां येतो. आणि ज्याचा हिशेब त्याच्या हातीं, त्याचें पीठ कुत्र्याला सहज खातां येत नाहीं.

त्याच शाळेंतील क्लोद मोंताल या विद्यार्थ्याची गोष्ट याहून कमी प्रसिद्ध, पण आमच्या विषयाला अधिक लागू आहे. पियानोचे सूर जुळविण्याचें काम अंधास जमणें शक्य नाहीं, असें त्या काळीं डोळस कारागीर म्हणत. मोंतालनें जुना पियानो सोडवून त्याचा खिळान् खिळा चांचपला, पुन्हां जोडला आणि तें कसब साध्य केलें. 1830 च्या सुमारास तो पॅरिसांत या धंद्यावर उभा राहिला, आणि पुढें युरोप-अमेरिकेंत सूर जुळविणें हा अंधांचा नांवाजलेला व्यवसाय झाला. हा धंदा कोणी दयेनें दिलेला नव्हता. गिऱ्हाइकाला जें हवें होतें तें अंध मनुष्य डोळसाइतकेंच, कित्येकदां त्याहून सरस, करूं लागला; म्हणून त्यास पैसे मिळाले.

हिंदुस्थानांत पहिली अंधशाळा मिस अ‍ॅनी शार्प यांनीं 1887 सालीं अमृतसरास काढली. ती 1903 सालीं डेहराडूनजवळ राजपूर येथें गेली. मुंबईंत 1900 सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड यांनीं अंध मुलांची शाळा सुरू केली. छप्पनच्या दुष्काळाचे ते दिवस. निराश्रित झालेल्या मुलांत अंध मुलेंही होतीं. तीच संस्था पुढें दादरची अंधशाळा म्हणून नांवारूपास आली आणि आज अंध मुलींचें शिक्षण करीत आहे. 1902 सालीं ताडदेव येथें व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. तिच्या उभारणींत स्वतःची दृष्टि गमावलेले डॉक्टर नीलकंठराय छत्रपति यांचा हात होता. पुण्यास 1934 सालीं नेत्रवैद्य डॉक्टर शंकरराव माचवे यांनीं अंधांची शाळा व वसतिगृह स्थापिलें. या साऱ्या माणसांविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. ज्या काळीं अंध मूल शिकूं शकतें हेंच लोकांस पटत नव्हतें, त्या काळीं त्यांनीं तें करून दाखविलें. त्यांच्यामागून येणाऱ्या आम्हांस त्यांच्या कार्याची चिकित्सा करण्याचा अधिकार आहे तो त्यांच्याच कार्यामुळें.

या शाळांतून धंदा म्हणून मुख्यतः काय शिकविलें गेलें? वेताच्या खुर्च्या विणणें, टोपल्या करणें, हातमाग, आणि संगीत. पुढें मेणबत्त्या व खडू यांची भर पडली. वेतकामाची निवड मूर्खपणाची नव्हती. खुर्चीच्या चौकटीस ओळीनें भोकें असतात. बोटांनीं तीं मोजीत प्रथम उभे, मग आडवे, पुन्हां उभे व आडवे, आणि शेवटीं दोन्ही तिरपे असे धागे ओवावयाचे असतात. डोळ्यांचें काम येथें बोटें पूर्णपणें करितात. चांगल्या विणकराची खुर्ची डोळसाच्या खुर्चीहून रतिभरही कमी नसे. कचेऱ्या, न्यायालयें, रेल्वेचीं स्थानकें यांतून वेताच्या खुर्च्यांस मागणी होती, तोंवर हें काम पोट भरण्याजोगें होतें.

पण दोन उणिवा राहून गेल्या. एक अशी कीं, पुष्कळ ठिकाणीं वेत संस्थेनें आणला, खुर्ची संस्थेनें विकली, भाव संस्थेनें ठरविला. मुलाच्या वांट्यास फक्त विणणें आलें. वेत कोठें मिळतो, ओला कोणता आणि कुजका कोणता, व्यापारी घासाघीस कशी करितो, उधारी कशी वसूल करावी, यांतलें त्यास अक्षरही ठाऊक नसे. म्हणजे धंद्याचा सोळावा हिस्सा शिकवून पंधरा हिस्से झांकून ठेवले. शाळेच्या भिंतीबाहेर पडतांच त्या मुलाच्या हातांत कसब असे, पण धंदा नसे. दुसरी उणीव याहून खोल आहे. अंध म्हटला कीं वेत, हें समीकरण एकदां बसलें तें सुटेना. मुलाची बुद्धि कशांत आहे, त्याच्या गांवांत कोणत्या मालास गिऱ्हाईक आहे, हें विचारण्याची गरजच वाटेनाशी झाली. पुढें प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि वेताचें गिऱ्हाईक ओसरलें. तरीही कित्येक ठिकाणीं वर्ग चालूच राहिले.

जन्मावरून धंदा ठरवून देण्याची ही रीत आम्हांस अपरिचित नाहीं. चांभाराच्या पोरानें जोडाच शिवावा आणि महाराच्या पोरानें सांगितलेलें कामच करावें, असें म्हणणारा समाज अंधाच्या पोरास वेत देऊन समाधान मानतो, यांत तर्क एकच आहे. हा तर्क ज्यांनीं कोल्हापुरांत मोडून काढण्याचा यत्न केला त्या छत्रपति शाहू महाराजांचें येथें स्मरण झाल्यावांचून राहात नाहीं. 1917 सालीं त्यांनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला, हें सर्वांस माहीत आहे. पण आमच्या विषयास अधिक उपयोगी अशी त्यांची दुसरी एक गोष्ट आहे. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांस त्यांनीं कोल्हापुरांत चहाचें दुकान काढण्यास साह्य केलें. दुकान निघालें, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास गिऱ्हाईक कोठून यावें? तेव्हां महाराज स्वतः त्या दुकानीं जाऊन उघड उघड चहा घेऊं लागले आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावूं लागले. भांडवल देणें सोपें. धंद्यास गिऱ्हाईक मिळवून देणें कठीण. ज्याच्या आड समाजाचा ग्रह उभा आहे, त्याला कसबाबरोबर बाजारही उघडून द्यावा लागतो, हें महाराजांनीं ओळखलें होतें. अंधांच्या धंदेशिक्षणांत आम्ही नेमकी हीच गोष्ट विसरलों.

जेथें ती विसरली गेली नाहीं तेथें फळ निराळें आलें. दुसऱ्या महायुद्धांत दृष्टि गेलेल्या हिंदी शिपायांसाठीं 1943 सालीं डेहराडूनास आश्रम निघाला. त्याचे प्रमुख सर क्लूथा मॅकेन्झी हे स्वतः पहिल्या महायुद्धांत गॅलिपोलीच्या रणांगणावर अंध झालेले. शिपायास भीक घालून चालणार नव्हतें. त्यास त्याचें गांव, त्याचें शेत आणि त्याचा मान परत हवा होता. पुढें 1950 सालीं तेथें प्रौढ अंधांचें शिक्षणकेंद्र उघडलें. 1951 सालीं हिंदी भाषांकरितां भारती ब्रेल ही एकच लिपि ठरली. 1952 सालीं मुंबईंत राष्ट्रीय अंध संघाची, म्हणजे आज सर्वांस परिचित असलेल्या नॅबची, स्थापना झाली. या संघानें 1960 सालीं गुजराथेंत फणसा येथें अंधांसाठीं शेतकीचें शिक्षणकेंद्र चालू केलें. आमचा देश खेड्यांचा. अंध माणूसही बहुधा खेड्यांतला. त्याला शहरांत आणून खुर्ची विणावयास बसविण्याऐवजीं त्याच्याच बांधावर नांगरणी, कोंबड्या, गाईगुरें यांत सामावून घ्यावें, हा विचार किती साधा. पण पहिल्या शाळेनंतर तो सुचावयास सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला.

त्याच सुमारास अंध तरुण टेलिफोनच्या फळ्यांवर बसूं लागले. कान तीक्ष्ण, स्मरणशक्ति दांडगी. शेंकडों क्रमांक त्यांस मुखोद्गत असत. बँका आणि सरकारी कचेऱ्यांतून त्यांनीं संसार चालविले. स्वयंचलित यंत्रें आणि खिशांतले टेलिफोन आल्यावर हीही जागा आकसली. कोणताही एक धंदा कायमचा नसतो. म्हणून मुलास एक कसब शिकवून थांबतां कामा नये. नवें कसब शिकण्याची तयारी त्याच्या अंगीं बाणविली पाहिजे.

पन्हाळ्यासारखेंच थंड हवेचें ठिकाण असलेल्या महाबळेश्वरचें एक उदाहरण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं प्रत्यक्ष पाहिलें असेल. श्री. भावेश भाटिया यांची दृष्टि तरुणपणीं गेली. नॅबमध्यें ते मेणबत्त्या करण्यास शिकले. मेणबत्ती म्हणजे अंधशाळांतला नेहमींचा जुनाच विषय. पण ते त्या शिकून शाळेच्या प्रदर्शनांत मांडून थांबले नाहींत. 1990 नंतरच्या दशकांत त्यांनीं भाड्याची हातगाडी घेऊन महाबळेश्वरच्या बाजारांत मेणबत्त्या विकल्या, गिऱ्हाइकाला काय आवडतें तें गिऱ्हाइकाच्याच तोंडून ऐकलें, आणि त्याप्रमाणें आकार, रंग व सुवास बदलले. पुढें त्यांतून सनराइज कँडल्स हा उद्योग उभा राहिला आणि अनेक अंध माणसांस त्यानें काम दिलें. मेण तेंच, वात तीच. जेथें हिशेब आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हातीं राहिलें तेथें ती मेणबत्ती दिवाळींत दयेनें विकत घेण्याची वस्तु झाली. जेथें तीं दोन्ही करणाराच्या हातीं आलीं तेथें तीच मेणबत्ती कारखाना झाली.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां काळ पालटला, अंधांनीं हातकाम तरी कां करावें? संगणक बोलूं लागला आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही मोफत आज्ञावलि 2006 सालीं ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणांनींच सुरू केली. महाराष्ट्राच्या प्रांजल पाटील या दृष्टिहीन असून भारतीय प्रशासकीय सेवेंत गेल्या. 2025 च्या मार्च महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, केवळ दृष्टि नाहीं म्हणून कोणास न्यायाधीशाच्या जागेस अपात्र ठरवितां येणार नाहीं. हें सारें खरें आहे आणि आनंदाचें आहे. न्यायासनावर बसण्याची ज्याची योग्यता आहे त्याच्या हातीं वेत देणें हा गुन्हाच होय. परंतु आमचें म्हणणें असें कीं, प्रत्येक अंध मुलास संगणकापुढें बसविणें ही पुन्हां जुनीच चूक नव्या पोषाखांत करणें आहे. डोळस मुलांत कोणी वकील होतो, कोणी गवंडी, कोणी दूधवाला. तसेंच अंध मुलांतही होणार. निवड मुलाची असावी, आणि निवडण्याजोगें त्याच्यापुढें कांहीं असावें.

कायद्याची उणीव आतां फारशी राहिलेली नाहीं. 1995 च्या कायद्यानें अपंगांस नोकऱ्यांत जागा राखल्या. त्याची जागा घेणाऱ्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें त्या चार टक्क्यांवर नेल्या आणि त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टि असणारांसाठीं ठेवला. कायद्यांत ठरविलेल्या प्रमाणांत अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्कही त्याच कायद्यानें दिला आहे. 2011 च्या जनगणनेंत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या देशभरांत सुमारें 50 लाख भरली. एवढ्या लोकांना पुरतील इतक्या सरकारी खुर्च्या कोणत्याही राज्यांत असूं शकत नाहींत. उरलेल्यांना बाजारांतच उभें राहावयाचें आहे, आणि बाजार कायदा वाचून माल घेत नाहीं.

मग पन्हाळा तालुक्यापुरता तरी विचार करूं. या तालुक्यांत वारणानगर आहे. तेथें साखर कारखाना आहे, दूधसंघ आहे, आणि मुलांचा वाद्यवृंद साऱ्या देशांत नांवाजलेला आहे. गुळाची गुऱ्हाळें याच पट्ट्यांत पेटतात. गडावर वर्षभर प्रवासी येतात आणि जोतिबास यात्रा भरते. म्हणजे काम नाहीं अशी स्थिति येथें नाहीं. दूध मोजण्याच्या केंद्रांत आतां बोलणारीं यंत्रें बसवितां येतात. गाईच्या कासेस हात लावून धार काढावयास डोळे लागत नाहींत, हें कोणतीही शेतकरीण सांगेल. वाद्यवृंदांत अंध मूल बसलें तर तालाचें कांहींच बिघडणार नाहीं. आणि ज्यानें गडाचा इतिहास मुखोद्गत केला आहे, ज्याच्या पायांस प्रत्येक पायरी ठाऊक आहे, असा अंध तरुण प्रवाशांस गड समजावून सांगूं लागला, तर अंधारबावेंत उतरतांना वाट दाखविणारा तोच उत्तम ठरेल.

हें घडावयाचें तर चार गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली : मूल लवकर सांपडलें पाहिजे. अंगणवाडीच्या सेविकेस आणि गांवच्या आरोग्यसेविकेस कोणत्या घरांत दृष्टिहीन मूल आहे तें बहुधा ठाऊक असतें. त्या घरीं जाऊन मुलास काठीनें चालणें, स्वतः जेवणें, पाणी भरणें, निवडणें-टिपणें हें चवथ्या-पांचव्या वर्षापासून शिकविणारें माणूस पोहोंचलें पाहिजे. धंदेशिक्षणाचा खरा ओनामा तेथें आहे. ज्यानें घरांत कधीं तांब्या उचलला नाहीं तो कारखान्यांत काय उचलणार? दुसरी : गांवच्या शाळेंत त्या मुलास ब्रेल, गणित व संगणक शिकविणारा शिक्षक ठरलेल्या दिवशीं न चुकतां आला पाहिजे, आणि मुलीचें नांव त्या पटावर मुलाइतकेंच ठळक असलें पाहिजे. तिसरी : धंदा निवडतांना आधीं तालुक्यांतल्या बाजारांत हिंडून यावें आणि मग वर्ग उघडावा, वर्ग उघडून मग गिऱ्हाईक शोधूं नये.

चवथी गोष्ट हिशेबाची. शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थ्यानें कच्चा माल स्वतः घ्यावा, तयार माल स्वतः विकावा, बँकेंत स्वतःचें खातें ठेवावें आणि नफ्यातोट्याचा जबाबही स्वतःच द्यावा. तोटा झाला तर होऊं द्यावा. शाळेंत झालेला दहा रुपयांचा तोटा पुढच्या हजारांचें रक्षण करितो. आणि प्रत्येक संस्थेनें आपल्या वार्षिक अहवालांत किती खुर्च्या विणल्या व किती पाहुणे येऊन गेले हें छापण्याऐवजीं, पांच वर्षांपूर्वीं बाहेर पडलेला प्रत्येक विद्यार्थी आज कोठें आहे आणि काय मिळवितो, एवढें एकच पान प्रामाणिकपणें छापावें. तें पान कोरें राहिलें तर संस्थेस वाईट वाटेल. वाटावें अशीच आमची इच्छा आहे. देणगी देणाऱ्या सज्जनांनींही पैसे देण्यापूर्वीं हें पान मागावें. अंध मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमास जाऊन डोळे पुसण्यापेक्षां त्यांत पुण्य अधिक आहे.

आम्हां डोळसांचें कामही येथें संपत नाहीं. गंगाराम कांबळे यांच्या दुकानांत जाऊन चहा पिण्यानें जें झालें तें कोणत्याही हुकुमानें झालें नसतें. उद्यां गडावर, पेठेंत किंवा जोतिबाच्या वाटेवर एखाद्या अंध माणसानें दुकान मांडलें, तर त्याच्याकडून वस्तु घ्यावी. पण दया म्हणून घेऊं नये. पारखून घ्यावी, भाव करावा, वाईट असेल तर परत करावी आणि चांगली असेल तर पुन्हां यावें. ज्याच्याशीं आपण भाव करितों त्याला आपण बरोबरीचा मानतों. भिक्षेच्या कटोऱ्यांत टाकलेल्या नाण्याचा भाव कोणी करीत नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं म्हण करून ठेवली, तेव्हां त्यांनीं आंधळ्याच्या दळण्याविषयीं शंका घेतली नव्हती. त्यांना काळजी होती ती पिठाची. आज घरोघरचीं जातीं थांबलीं, पिठाच्या गिरण्या आल्या; पण पीठ कोणाच्या पदरीं जावें, हा प्रश्न तसाच उभा आहे. त्याचें उत्तर देण्यासाठीं दळणाराच्या डोळ्यांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. जात्याभोंवतीं जे डोळस उभे आहेत, त्यांनीं कुत्र्यास हांकललें आणि सूप दळणाराच्या हातीं दिलें, तरी पुरें आहे.